गौरीची उलटी पावलं

माझ्या थोरल्या जावेचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. आम्ही दोघी अबुधाबीत अल रीम आयलंडवर राहतो. तिचा टॉवर समुद्राकडे तोंड करून उभा आहे आणि आमचा तिच्या टॉवरकडे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची बाल्कनी दिसते. बाल्कनीत पांढरं टेबल, टेबलावर पेनांचे डबे, आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ती तिथे बसून व्हिडिओ काढते. वही उघडते, केस कानामागे सारते आणि म्हणते, "हाय लेडीज, तर नेक्स्ट मंथची आपली थीम आहे..."

त्या वहीतलं चित्र मी काढलेलं असायचं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बुलेट जर्नल म्हणजे रेघांऐवजी बारीक ठिपके छापलेली वही. त्यात कामांची यादी करायची, झालं की फुली मारायची. एवढंच असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. वाण्याच्या कॅलेंडरवर माझी आईही हेच करायची. पण इथल्या बायकांत दर महिन्याला वहीची थीम ठरवायची टूम निघाली. महिन्याचं पहिलं पान म्हणजे चित्र. शेजारच्या पानावर तारखांचे चौकोन, पुढे झोप, व्यायाम, पाणी यांचे तक्ते, आणि सगळं त्याच थीममधलं. थीम बोटींची असेल तर दिवसाला किती ग्लास पाणी प्यायलं ते बोटीखालच्या लाटा रंगवून दाखवायचं. आमच्या ग्रुपात अठ्ठावीस बायका, बहुतेक पुण्या-मुंबईच्या, नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या किंवा स्वतः बँकेत, हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या. अठ्ठावीस जणी रोज आठ-आठ लाटा रंगवायच्या आणि त्याचे फोटो एकमेकींना पाठवायच्या.

चार-साडेचार वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो तेव्हा पहिले पाच महिने जावेच्या घरी राहिलो. माझ्या नवऱ्याची नोकरीही मोठ्या दिरांच्या शब्दावर लागलेली. जाऊ हे कधीच बोलून दाखवत नाही. "मी कधी बोलून दाखवते का?" असं मात्र ती आठवड्यातून एकदा तरी विचारते.

त्याच दिवसांत एका दुपारी ती टेबलाशी बसून बोट काढायचा प्रयत्न करत होती. बोटीची चप्पल झाली होती. मला बघवेना. मी खोडरबर घेतलं, पुसलं आणि काढून दिली. शीड, वल्हं, मागे खारफुटीची झाडं, पाण्यात त्यांच्या सावल्या. मी पुण्यात अकरा वर्षं शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली आहेत. विहीर, पोस्टमन, जास्वंदीचे भाग, सगळं. त्या पुस्तकांच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत का होईना, माझं नाव असायचं.

संध्याकाळी तिची शेजारीण आली. वही बघून म्हणाली, "अय्या, हे तुम्ही काढलंत?"

"हो ना, असंच, बसल्या बसल्या," जाऊ म्हणाली.

मी पोह्यांच्या बश्या घेऊन तिच्या शेजारीच उभी होते. मला वाटलं, आता ती पुढचं वाक्य बोलेल. तिनं बशी घेतली आणि मला म्हणाली, "लिंबू नाहीये का गं?"

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण तिच्याच घरात, तिच्याच बश्या हातात धरून काय बोलणार? गप्प बसले आणि ते गप्प बसणंच नंतर पद्धत होऊन बसलं. वीस तारीख उलटली की तिचा मेसेज यायचा, "अगं, नेक्स्ट मंथ काय करूयात?" करूयात म्हणजे मी करायचं. मुलगी शाळेत गेली की मी पेन्सिलनं दोन्ही पानं काढायची. जाऊ त्यावरून काळं पेन फिरवायची, फोनवर स्कॅन करायची आणि ग्रुपवर टाकायची. मग त्या अठ्ठावीस जणी कागद आपापल्या टॉवरच्या काचेला चिकटवायच्या, त्यावर वहीचं पान धरायच्या आणि उन्हाच्या उजेडात गिरवायच्या. जाऊ व्हिडिओत सांगायची, "सगळं फ्रीहँड आहे हं."

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं मी ऐकून होते. इथे पीठही माझं, रेघोट्याही माझ्या, आणि पाट तिला.

एकदा आम्ही सगळे खोर फक्कानला गेलो होतो. जावेला 'बीच थीम' हवी होती, शिंपले, छत्र्या, तारामासे. मला तिथे आवडल्या त्या बंदरावरच्या क्रेन. डोंगराखाली उंच मान करून उभ्या, आणि पायाशी रंगीत कंटेनरची थप्पी. मी त्याच काढल्या. कंटेनरच्या थप्पीचे झाले तारखांचे चौकोन. एका कंटेनरवर एक तारीख. जाऊ नाक मुरडत म्हणाली, "हे काय, गोडाऊन वाटतंय." दोन दिवसांनी ग्रुपवर त्या पानाचं एवढं कौतुक झालं की तिनं स्वतंत्र व्हिडिओ काढला, 'मला कल्पना कशी सुचली' या विषयावर. तिला सुचली म्हणे गाडीत. मी गाडीत मागे बसले होते, माझ्या मांडीवर तिचं धाकटं ओकत होतं.

आणखी एक सांगते, कारण ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या ओट्याशी पुऱ्या लाटताना मी सहज म्हणाले होते की या वहीतले ठिपके मला रांगोळीच्या ठिपक्यांसारखे वाटतात. ठिपके असले की नवशिकीचाही हात हलत नाही. पुढच्या शनिवारी टॉवरच्या हॉलमध्ये वीस बायकांसमोर ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "यू नो, मला नेहमी वाटतं, धिस इज अवर रांगोळी." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. का वाजवल्या, देव जाणे.

मला काय हवं होतं? तिनं एकदा, चार माणसांत, सांगावं की हे हिनं काढलंय. एक वाक्य. तिला त्यासाठी पाच सेकंदसुद्धा लागले नसते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सोडून दे ना. वहिनींना हौस आहे, तुला कला आहे. प्रॉब्लेम काय आहे?" मी त्याला म्हटलं, उद्या ऑफिसात तुझा रिपोर्ट दुसऱ्यानं आपल्या नावावर खपवला तर? तो म्हणाला, "रोजच खपवतात." आणि टीव्ही लावला.

हेही मी गिळलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी, वय वर्षं नऊ, दर रविवारी काकूकडे मुलांच्या बुलेट जर्नल क्लासला जायला लागली. आल्यावर वही दाखवायची. क्लासमध्ये गिरवलेली माझीच जुनी-नवी पानं ती माझ्यासमोर धरायची आणि काकूनं कसं शिकवलं ते मला समजावून सांगायची. एक दिवस डबा भरताना ती म्हणाली, "आई, व्हाय डोन्ट यू ट्राय इट? काकू इज सो गुड ॲट इट. शी कॅन टीच यू."

मी झाकण लावलं आणि तिला सांगितलं, "ती चित्रं मी काढते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, मोठ्या माणसानं लहानाला समजवावं तशी म्हणाली, "आई, डोन्ट बी जेलस."

मी तिला माझ्या कच्च्या चित्रांच्या वह्या दाखवू शकले असते. पेन्सिल घेऊन तिथल्या तिथे काढून दाखवू शकले असते. पण बस खाली आली होती, आणि खरं म्हणजे मला लाज वाटली. स्वतःच्या मुलीपुढे हात सिद्ध करायची वेळ यावी!

त्यानंतर मार्च आला. जाऊ ग्रुपवर लाइव्ह बसली होती. एकीनं विचारलं, "तुमच्या जाऊबाई पण आर्टिस्ट आहेत ना?" मी माझ्या ओट्याशी फोन टेकवून ऐकत होते. काचेपलीकडे बाल्कनीत तिचा हात हलताना दिसत होता. "आर्टिस्ट म्हणजे, हबीबी, ती मदत करते ना मला," ती हसत म्हणाली. "रंग वगैरे भरते."

रंग भरते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाजी करपली त्या दिवशी, आणि मी ती तशीच वाढली.

चार दिवसांनी मेसेज आला: एप्रिलसाठी काहीतरी ट्रॅडिशनल करूयात, मराठी न्यू इयर, चैत्र वगैरे. सासूबाईही पुण्याहून येणार होत्या, त्यांना आवडेल. मी लगेच लिहिलं, चैत्रांगण करू. चैत्रात महिनाभर दाराशी काढतात ती रांगोळी. मधोमध झोपाळ्यात बसलेली गौर, वर आंब्याचं तोरण, भोवती सूर्य, चंद्र, शंख, कमळ, कासव, हत्ती, तुळशीवृंदावन, फणी, करंडा, आरसा, आणि गौर घरात आली म्हणून तिची पावलं. महिन्याचीच रांगोळी असल्यामुळे थीम आयतीच होती. जाऊ खूश. "ब्रिलियंट! मी पण हाच विचार करत होते."

ते पान काढायला मला तीन दिवस लागले. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम असावं. कासवाच्या पाठीवर एकेक चौकोन, आणि त्यात महिन्याच्या तारखा. तोरणाची तीस पानं, रोज एक रंगवायची. गौरीच्या चेहऱ्यात मी नुसते दोन ठिपके आणि एक रेघ ठेवली आणि ती हसली. शेवटी पावलं राहिली. पेन्सिल हातात घेऊन मी बराच वेळ बसले. मग मी पावलं काढली ती झोपाळ्यापासून बाहेर जाणारी. टाचा गौरीकडे, बोटं पानाच्या कडेकडे. लहान, गोंडस, एकामागून एक, थेट कागदाच्या टोकापर्यंत. गौर घरातून उठून चाललेली.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? बऱ्याच महिन्यांत झाला नव्हता एवढा झाला.

जावेनं पान बघितलं. "ओ, सो क्यूट पावलं!" म्हणाली आणि त्यावरून काळं पेन फिरवलं. ग्रुपवर टाकलं. अठ्ठावीस जणींनी काचेला लावून गिरवलं. एकीलाही कळलं नाही. गिरवताना माणूस समोरची रेघ तेवढी बघतो. या सगळ्या बायकांना पावलं कुठल्या दिशेनं काढतात ते नीट माहीत आहे. दिवाळीत प्रत्येकीच्या दारात लक्ष्मीच्या पावलांची स्टिकर आत येतात. पण कुणी बघितलंच नाही. माझी मुलगीही रविवारी तेच गिरवून आली, काळ्या पेनानं, जीभ बाहेर काढून मन लावून.

सासूबाई शुक्रवारी संध्याकाळी उतरल्या आणि नेहमीप्रमाणे थोरल्याकडे राहिल्या. शनिवारी तिथे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पन्हं, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, सगळं मी सकाळपासून जाऊन केलं होतं. गौरीची आरास जावेची. तिनं नवीनच काढलं होतं: प्रत्येकीनं आपली वही आणायची आणि एप्रिलचं पान उघडून गौरीसमोर मांडायची. पायऱ्या-पायऱ्यांवर अठ्ठावीस वह्या, प्रत्येकीवर सोनेरी चिकटपट्टीची किनार. "पस्तीस दिरहमची एक," जाऊ सगळ्यांना सांगत होती. "आठशे रुपयांची चिकटपट्टी?" सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत आराशीजवळ आल्या.

कोथरूडला, फ्लॅटच्या दारासमोरच्या फरशीवर, सासूबाई दर चैत्रात स्वतः चैत्रांगण काढतात. मला हे माहीत होतं. त्या इथे येणार, हे पान बघणार, हेही माहीत होतं. मी त्यासाठीच काढलं होतं.

त्या वाकल्या. "अगं बाई, काय सुरेख गं! कासव बघा. आणि गौरीचं हसू!" जाऊ मान खाली घालून लाजली. मग सासूबाईंचं बोट पानावरून खाली सरकलं आणि थांबलं. त्यांनी शेजारची वही बघितली. तिच्या शेजारची बघितली.

"ही पावलं कुठं निघाली?"

कुणाला कळेना. "गौर घरात येते म्हणून पावलं काढतात ना?" त्या म्हणाल्या. "ही तर बाहेर चाललीय. सगळ्या घरांतून."

बायका पुढे झाल्या. प्रत्येकीनं आपापली वही बघितली. एकीच्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्येच खलास झालं होतं, मुलांच्या शाळेतून दाखले काढणं चाललं होतं. तिनं आपली वही उचलली, मिटली आणि पदराखाली मांडीवर धरून बसली. तिचा विचार मी केला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर फक्त एकच वही होती.

जावेचा चेहरा लाल झाला. मी वाट बघत होते ती याच क्षणाची: आता ही काय करते? कुणावर ढकलते? ती वळली, माझ्याकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, मी नाही काढलं हे. हिनं काढलंय. सगळ्या थीम हीच काढते, पहिल्या दिवसापासून. मी फक्त पेन फिरवते."

अठ्ठावीस जणींनी माझ्याकडे बघितलं. दारापाशी माझी मुलगी पन्ह्याचा ग्लास धरून उभी होती, तिनंही बघितलं. साडेचार वर्षं मी ज्याची वाट बघितली ते वाक्य असं आलं. पूर्ण आलं, काही बाकी न ठेवता, आणि तिनं ते पाच सेकंदांत संपवलं.

सासूबाई माझ्या मदतीला धावल्या. त्या वाईट नाहीत. "होतं गं," म्हणाल्या. "एवढं मोठं काढायचं म्हणजे हात चुकतो एखाद्या ठिकाणी."

मान हलवली असती तर तिथेच मिटलं असतं. हळदीकुंकू झालं असतं, बायका हसत डाळ खाऊन गेल्या असत्या. पण जाऊ मध्ये बोलली. "हो ना, हिला कुठे एवढं माहीत असणार! शाळेच्या पुस्तकांत पोपट-बिपट काढायची ना ही. मीच चेक करायला हवं होतं."

"माझा हात चुकला नाही, आई," मी म्हणाले. "पावलं कशी काढतात ते मला माहीत आहे. मुद्दाम काढली."

"मुद्दाम? का?"

"हिच्या वहीत जाणार होती म्हणून."

वाईट म्हटलेलं मला चाललं. हात कच्चा म्हटलेलं चाललं नसतं. तेवढाच हिशेब मी त्या वेळी केला, आणि आजही विचारलं तर तेच सांगेन. जाऊ रडायला लागली. दोघी तिच्याकडे धावल्या, कुणीतरी पाणी आणलं. वही मांडीवर घेतलेली ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. सासूबाईंनी करंडा उचलला आणि ओळीनं सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. माझ्यापाशी आल्या, मलाही लावलं. "हात फार चांगला आहे तुझा," म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे गेल्या.

घरी येताना मुलगी लिफ्टमध्ये आकडे बघत उभी राहिली. घरात आल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी बसली, दप्तरातून वही काढली आणि पहिल्यापासून पानं उलटायला लागली.

"द बोट्स ऑल्सो?" तिनं विचारलं.

"हो."

"क्रेन्स?"

"हो. त्याही मीच."

मी समोरची खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. किती छान काढतेस म्हणेल, सॉरी म्हणेल, निदान तोंडाचा आ करेल. तिनं एप्रिलचं पान उघडलं आणि पावलांवर बोट ठेवलं.

"अँड यू न्यू. व्हेन आय वॉज ट्रेसिंग इट, यू न्यू."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तिनं पांढरं पेन काढलं आणि एकेक पाऊल झाकून टाकलं. पान हलवून वाळवलं. मग पेन्सिल घेऊन पानाच्या कडेपासून गौरीकडे येणारी पावलं काढायला लागली, कशालाही न लावता, नुसत्या हातानं. पहिलंच पाऊल वाकडं आलं. त्याला सहा बोटं झाली होती.

"मी काढून देऊ?" मी विचारलं.

"नो, थँक्यू," ती म्हणाली, आणि शाळेत शेजारच्यानं कॉपी करू नये म्हणून मुलं झाकतात तसा डावा हात वाकवून तिनं माझ्यापासून पान झाकलं.